ऑनलाइन हिशोबाचं सॉफ्टवेअर लावतेय, पण बँकेची शिल्लक जुळत नाही. मदत हवी

रंगरेषा :

नमस्कार मंडळी,

कापडी पिशव्या आणि टी-शर्टवर छपाई करून देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. मी आणि दोन मदतनीस, एवढाच पसारा. हिशोब आजवर एका वहीत आणि एका स्प्रेडशीटमध्ये ठेवला. ऑर्डरी वाढल्या तसं कुणाकडून किती यायचेत, कुणाला किती द्यायचेत हे डोक्यात राहीना, म्हणून ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. व्यवसायाचं नाव, लोगो भरला, बँक खातं जोडलं, एक तारखेची सुरुवातीची शिल्लक टाकली आणि कामाला लागले.

आता महिना संपला. बँकेच्या स्टेटमेंटवर अखेरची शिल्लक ८४,३१० आहे. सॉफ्टवेअरच्या ताळेबंदात तेच खातं १,१२,८१० दाखवतंय. फरक २८,५०० चा. दोन रात्री बसले, सापडत नाही. शिवाय 'सुरुवातीच्या शिल्लकेचं समायोजन' असं एक खातं आपोआप तयार झालंय, मी ते उघडलेलं नाही. ते काय आहे? आणि मुख्य प्रश्न म्हणजे, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून लावू का?

तेरीज :

ताई, पुसू नका. पुसलंत तर तीच चूक पुन्हा होईल आणि ती कुठे झाली होती हे कधीच कळणार नाही. महिनाभराच्याच नोंदी आहेत, फरक सापडेल.

आधी एक सांगा. ग्राहकाला बिल पाठवल्यावर पैसे आले की त्या बिलावर जाऊन 'पैसे मिळाले' असं नोंदवता का? आणि मग बँकेकडून तीच जमा फीडमध्ये, म्हणजे बँकेकडून सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येणाऱ्या नोंदींच्या यादीत, आली की तिचं काय करता?

रंगरेषा :

हो, बिलावर लगेच नोंदवते, नाहीतर विसरायला होतं. फीडमध्ये जमा दिसली की तिथे प्रकार विचारतात, तिथे 'विक्री' निवडून जतन करते.

तेरीज :

मग बराचसा फरक इथेच आहे. एकाच पैशाची नोंद दोनदा झाली. बिलावर 'पैसे मिळाले' म्हटलंत तेव्हा सॉफ्टवेअरने पुस्तकात बँक खात्यात जमा धरली. नंतर फीडमधल्या ओळीला 'विक्री' म्हणून जतन केलंत तेव्हा त्याने ती नवी जमा समजून परत एकदा धरली. बँकेत पैसे एकदाच आले, पुस्तकात दोनदा. आणि नुसती बँक फुगली नाही, विक्रीही फुगली. या आकड्यावर कर भरला असतात तर न झालेल्या विक्रीवरचा कर खिशातून गेला असता.

फीडच्या ओळीपुढे 'नवीन नोंद' आणि 'जुळवा' असे दोन पर्याय असतात. नावं थोडी वेगळी असतील, पण दोन्ही असतातच. बिलावर पैसे आधी नोंदवले असतील तर फीडमध्ये नेहमी 'जुळवा'. फीडला तुमच्या पुस्तकाची खबर नसते, बँकेत काय घडलं एवढंच ते सांगतं. हिशोब लिहिणाऱ्या तुम्हीच.

आता बँक खात्याची खतावणी, म्हणजे त्या खात्यातल्या सगळ्या नोंदींची यादी, उघडा, जमेची बाजू रकमेनुसार लावा. एकच रक्कम एकाच ग्राहकाकडून दोनदा दिसते का बघा.

सुईदोरा :

रंगरेषाताई, माझंही पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं. मला ते सात महिन्यांनी कळलं, तुम्हाला एका महिन्यात कळतंय. हे फार बरं आहे.

रंगरेषा :

तेरीजकाका, सापडलं! चार बिलं दोनदा धरली गेलीत. १२,०००, ९,५००, ६,२०० आणि ३,५००. बेरीज ३१,२००. फीडमधली 'विक्री'वाली नोंद रद्द केली आणि ती ओळ बिलाशी जुळवली, चारही वेळा.

पण आता सॉफ्टवेअर ८१,६१० दाखवतंय. बँकेत ८४,३१०. म्हणजे आता उलट्या बाजूने २,७०० कमी पडतायत. एखादी जमा राहिली असेल म्हणून सगळं स्टेटमेंट ओळीओळीने टिक करत गेले. एकही ओळ सुटलेली नाही.

दोनबाजू :

मी हिशोब शिकवतो, म्हणून एक जुना ठोकताळा सांगतो. फरकाला ९ ने भागून बघा. २,७०० भागिले ९ म्हणजे ३००, बाकी शून्य. फरकाला नऊने निःशेष भाग गेला की पहिला संशय शेजारचे दोन अंक उलटे लिहिल्याचा घ्यायचा. ५४ च्या जागी ४५ लिहिलं तर फरक ९, ५४० च्या जागी ४५० लिहिलं तर ९०. कुठलेही दोन शेजारचे अंक घ्या, फरक नवाच्या पटीतच येतो. नवाचा भाग गेला म्हणजे हीच चूक आहे असं नव्हे, पण शोध तिथून सुरू करावा. तुमच्या पहिल्या २८,५०० ला नवाने भाग जात नव्हता, कारण त्यात दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या होत्या.

स्टेटमेंटच्या ओळी तर सगळ्या बसल्या म्हणता. मग एकच आकडा असा उरतो जो फीडमधून आला नाही, तुम्ही हाताने टाइप केलात. सुरुवातीची शिल्लक. हजार आणि शतकाचे अंक उलटले तर फरक ९०० च्या पटीत येतो, आणि २,७०० म्हणजे ९०० ची तिप्पट. म्हणून तिथे हजार आणि शतकाचे अंक बघा, त्यांच्यात ३ चा फरक असायला हवा.

रंगरेषा :

आता अंगावर काटा आला. स्टेटमेंटवर ४८,५२०. मी टाकलंय ४५,८२०. ८ आणि ५ ची अदलाबदल. दुरुस्त केलं. ८४,३१०. पै न पै जुळली.

दोनबाजू :

छान. दुसरा ठोकताळाही लक्षात ठेवा. फरकाची निम्मी रक्कम करून ती पुस्तकात शोधायची. नावेची (खात्यातून गेलेली) रक्कम चुकून जमेला लिहिली तर फरक तिच्या दुप्पट पडतो. बँकेत १,२०० जास्त दिसत असतील तर ६०० चा खर्च जमेच्या बाजूला गेला आहे का ते बघायचं.

तेरीज :

ताई, बँक जुळली याचा आनंद आहे, पण इथे थांबू नका. बँक जुळली म्हणजे हिशोब जुळला असं होत नाही. तुम्ही विचारलेलं ते 'समायोजन' खातं अजून तसंच आहे.

ते खातं का आलं ते सांगतो. दुहेरी नोंदीत प्रत्येक रकमेला दोन बाजू लागतात. तुम्ही बँकेची ४८,५२० ही एक बाजू टाकलीत, दुसरी दिलीच नाहीत. मग सॉफ्टवेअरने ती दुसरी बाजू तात्पुरती त्या खात्यात ठेवली. म्हणजे ते खातं तुम्हाला सांगतंय, की बँकेखेरीज बाकीचं सगळं भरायचं राहिलंय. त्या दिवशी तुमच्याकडे फक्त बँकेतले पैसे होते का? रोख असेल, ग्राहकांकडचं येणं असेल, शाई आणि कोऱ्या पिशव्यांचा साठा असेल, छपाईचं मशीन असेल. आणि देणीही असतील. कापडवाल्याचं बिल, कर्जाची बाकी, कुणाचा ॲडव्हान्स.

कागद घ्या, मधोमध रेघ मारा. सुरुवातीच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुकान बंद करताना जे जे होतं ते एका बाजूला, जे जे देणं होतं ते दुसऱ्या बाजूला. वहीत आपण 'मागील पानावरून पुढे' लिहून आकडा नव्या पानावर ओढतो ना, हे तेच आहे. फक्त पान बदललंय, मागचं सगळं पुढे यायला हवं. उरतं ते तुमचं भांडवल.

दोनबाजू :

काकांच्या म्हणण्याला पुष्टी म्हणून. लुका पाचोलीने दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली. पद्धत त्याने शोधली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्याने नीट मांडून दिली. तो व्यापाऱ्याला सगळ्यात आधी काय करायला सांगतो? आपल्याकडे असलेल्या सगळ्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी करायला. वह्या त्याच्यानंतर. पाचशे वर्षांनी सॉफ्टवेअरचं सेटिंग करतानाही पहिली पायरी तीच आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात, कारण पडद्यावर 'हे नंतर करा' असं बटण असतं.

सुईदोरा :

येणी भरताना एक काळजी घ्या ताई. सगळ्या ग्राहकांचं मिळून एकच आकडा टाकायचा मोह होतो, मीही तेच केलं होतं. मग पैसे आले की कुणाचे, कुठल्या बिलाचे, काहीच लागत नाही. एकेक बिल वेगळं टाका, त्याच्या मूळ नंबर-तारखेसकट. फक्त ते सुरुवातीच्या शिल्लकेच्या सोयीतून टाका, नेहमीच्या विक्रीच्या बिलासारखं नको. नाहीतर आधी मोजलेली विक्री या वर्षी पुन्हा मोजली जाते. कापडवाल्याच्या बिलांचंही तसंच.

रंगरेषा :

बापरे. म्हणजे मागच्या महिन्यातल्या बिलांचे जे पैसे या महिन्यात आले, ते मी फीडमध्ये 'विक्री' म्हणून टाकलेत. तेही चूकच ना? बँक तर जुळतेय.

तेरीज :

चूकच. म्हणून म्हटलं, बँक जुळली म्हणून थांबू नका. जुनी बिलं सुरुवातीच्या येण्यात भरलीत की त्या जमांचा 'विक्री' प्रकार काढा आणि त्या त्या बिलाशी जुळवा. बँकेचा आकडा हलणार नाही, नफा मात्र खरा दिसायला लागेल.

कळफलक :

संगणकाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

फीड जोडलं की बँक सहसा थोड्याच मागच्या काळातल्या नोंदी देते. त्याआधीच्या हव्या असतील तर स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून चढवावी लागते. तिथे तारखेचा घोळ होतो. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? फाइल एका पद्धतीची आणि सॉफ्टवेअरचं सेटिंग दुसऱ्या पद्धतीचं असेल, तर १३ तारखेपासून पुढच्या ओळी नाकारल्या जातात, कारण तेरावा महिना नसतो. पण १२ तारखेपर्यंतच्या ओळी गुपचूप चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात, काही सूचना येत नाही. म्हणून आधी पाच-सहा ओळींची फाइल चढवून बघा, २५ तारखेची एक ओळ त्यात असू द्या. आणि फाइलचा काळ जिथे संपतो त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच फीड घ्या, नाहीतर मधले दिवस दोनदा येतात.

दुसरं, खातं कुणाच्या ईमेलवर आहे? आमच्याकडे आधीच्या हिशोबनिसाने स्वतःच्या ईमेलवर सगळं उघडलं होतं. तो काम सोडून गेला. पासवर्ड बदलायचा कोड त्याच्याच फोनवर जायचा. आमचेच आकडे बघायला आम्हाला तीन आठवडे वाट बघावी लागली, आणि नेमका तो कर भरायचा महिना होता. मालकाचा अधिकार व्यवसायाच्या ईमेलवर ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि तिचे राखीव कोड छापून कपाटात ठेवा. मदतनिसांना, अकाउंटंटला वेगळं लॉगिन द्या, प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार. कुणी काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं, पण सगळे एकाच लॉगिनने आत गेले तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

रंगरेषा :

कळफलकदादा, ईमेल माझ्याच नावावर आहे, पण पासवर्ड दोघा मदतनिसांना दिलेला आहे. आजच बदलते.

खात्यांच्या यादीबद्दल विचारायचं होतं. सॉफ्टवेअरने स्वतःहून भली मोठी यादी दिलीय, त्यातली निम्मी नावं मला समजत नाहीत. त्यात मी लाल शाई, निळी शाई, काळी शाई अशी वेगवेगळी खाती उघडलीत. बरोबर आहे ना?

तेरीज :

नको. शाईचं एकच खातं पुरे. रंगानुसार किती संपली हे बघायचं तर ते मालाच्या यादीत ठेवा. वर्षाअखेरीस नफा-तोटा पत्रक हातात घेतल्यावर ज्या ओळीकडे बघून तुम्ही काही निर्णय घेणार असाल, तेवढीच खाती ठेवावीत. न लागणारी खाती पुसण्यापेक्षा निष्क्रिय करा. नंतर लागली तर परत चालू करता येतात.

मात्र काही खाती वेगळी हवीतच. घरखर्चाला पैसे काढता ते 'उचल' खात्यात, खर्चात नाही. मशीन मालमत्तेत, त्याचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, दरवर्षी. कर्जाचा हप्ता एकरकमी खर्चात टाकू नका. त्यातलं मुद्दल कर्जाची बाकी कमी करतं, खर्च फक्त व्याजाचा. बँकेतून रोख काढलीत तर तो खर्च नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे आहेत, त्यासाठी 'ट्रान्सफर' वापरा. आणि ग्राहकाने ऑर्डरआधी दिलेला ॲडव्हान्स माल हातात देईपर्यंत तुमचं उत्पन्न नाही, ते देणं आहे.

सुईदोरा :

ऑनलाइन पेमेंट घेता का ताई? घेत असाल तर त्याचं एक मधलं खातं ठेवा. ग्राहकाने १,००० भरले, गेटवेने, म्हणजे ते पैसे आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने, २५ कापले, बँकेत आले ९७५. मी वर्षभर ९७५ च विक्री धरत होते. वास्तविक विक्री १,००० ची आणि २५ हा खर्च. मधल्या खात्यात १,००० जमा होतात, त्यातून २५ शुल्काला आणि ९७५ बँकेला जातात, मग ते खातं रिकामं होतं. रिकामं झालं नाही तर समजायचं, गेटवेकडे काहीतरी अडकलंय. मला असंच एक न मिळालेलं पेमेंट सापडलं होतं.

रंगरेषा :

हो, घेते. म्हणूनच बिलाची रक्कम आणि जमा कधीच जुळायची नाही, आणि मी वैतागून 'नवीन नोंद' दाबायचे! मूळ दुखणं तेच असणार.

कराच्या सेटिंगमध्ये 'करासहित' आणि 'कर वेगळा' असं विचारतंय. मी 'करासहित' निवडलंय कारण मी ग्राहकाला सगळं धरूनच भाव सांगते.

दोनबाजू :

निवड बरोबर आहे, फक्त आतलं गणित समजून घ्या. समजा कर १० टक्के आहे आणि तुम्ही सगळं धरून १,१०० सांगितलेत. त्यातला कर ११० नाही, १०० आहे. कारण कर मूळ १,००० वर लागतो. सॉफ्टवेअर हे बरोबर करतं, पण स्प्रेडशीटमध्ये अनेक जण १,१०० चे १० टक्के काढतात आणि मग सॉफ्टवेअर चुकतंय म्हणतात.

कर ओळीओळीने काढायचा की बिलाच्या एकूण रकमेवर, हेही एकदा ठरवा. १०.०६ च्या तीन ओळी असतील तर प्रत्येकीवर १.०१ प्रमाणे ३.०३ होतात, आणि एकूण ३०.१८ वर काढला तर ३.०२. फरक एवढासाच, पण विवरणपत्र भरताना तो शोधत बसावं लागतं. तुमच्याकडचा नियम काय सांगतो ते अकाउंटंटला विचारा आणि मग ते सेटिंग बदलू नका. बिलांचे नंबरही आधीच्या बिलांपुढे सलग चालू ठेवा. एखादं बिल चुकलं तर पुसू नका, रद्द करा किंवा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा. मधला नंबर गायब दिसला की तपासणारा तिथेच थांबतो.

कळफलक :

सॉफ्टवेअरमध्ये बँकेच्या नोंदींसाठी लावायच्या नियमांबद्दल एक राहिलं. 'या नावाच्या व्यापाऱ्याला पैसे गेले की आपोआप शाईखर्चात टाक' असा नियम लावता येतो, वेळ वाचतो. पण तो नियम फक्त सुचवण्यावर ठेवा, परस्पर जतन करू देऊ नका. त्याच व्यापाऱ्याकडून उद्या वाळवण्याचं यंत्र घेतलंत तर तेही शाईखर्चात जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रंगरेषा :

मंडळी, आज दिवसभर बसून सगळं केलं. कागदावर मधोमध रेघ मारली आणि आदल्या दिवसाचं मांडलं. बँक ४८,५२०, रोख ३,२००, ग्राहकांकडून येणं २२,५००, साठा १८,०००, घसारा वजा जाता मशीन ९०,०००. एकूण १,८२,२२०. देण्यात कापडवाला १४,३००, एक ॲडव्हान्स ५,०००, कर्जाची बाकी ६०,०००. एकूण ७९,३००. उरलं १,०२,९२०. समायोजन खात्यातही नेमके तेवढेच दिसत होते. भांडवलात वळते केले, आता तिथे शून्य आहे. इतकी वर्षं काम करतेय, व्यवसायात माझं स्वतःचं किती आहे हे आज पहिल्यांदा एका आकड्यात बघितलं.

जुन्या बिलांच्या जमा विक्रीतून काढून त्या त्या बिलाशी जुळवल्या. नफा बराच खाली आला, पण आता तो खरा आहे. मदतनिसांना वेगळी लॉगिन दिली.

तेरीज :

उत्तम. आता त्या महिन्याला कुलूप लावा. सेटिंगमध्ये 'या तारखेआधीच्या नोंदी बंद' असं असतं. नाहीतर कुणीतरी जुनी नोंद उघडून सहज बदलेल आणि जुळवलेलं पुन्हा विस्कटेल. पुढचा एक महिना वहीही चालू ठेवा, महिनाअखेरीस दोन्ही ताडून बघा, मग वही बंद करा. आणि दर महिन्याला खतावणी आणि ताळेबंद उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवत जा. उद्या सॉफ्टवेअर बदलावंसं वाटलं तर हाताशी असेल.

रंगरेषा :

कुलूप लावलं काका. आणि एक सांगायचं राहिलं. येणी एकेक करून भरताना वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं एक काम सापडलं. पन्नास पिशव्या, माल दिलेला, बिलच केलेलं नव्हतं. १,७५० चं. त्या ग्राहकाला फोन केला, त्यांनाही आठवत होतं, ते माझ्या बिलाचीच वाट बघत होते. हे आजच्या तारखेने केलं तर चालेल ना?

तेरीज :

साधारण चालतं. बिलात माल कधी दिला ती तारीख लिहा, म्हणजे त्यांनाही लागेल. मात्र करासाठी माल दिल्याची तारीख धरतात की बिलाची, हे अकाउंटंटला विचारून मगच पाठवा. आणि नंबर पुढचाच घ्या.